पालकाचं गाव आणि चार चिअरलीडर

चिअरलीडर हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो २००८ साली. आयपीएलचा पहिला हंगाम सुरू झाला आणि चौकार-षटकारांबरोबर सीमारेषेपलीकडे नाचणाऱ्या मुली टीव्हीवर दिसू लागल्या. बंगलोरच्या संघाने तर अमेरिकेतल्या वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचं पथकच मागवलं होतं. मग व्हायचा तो गदारोळ झाला. आपल्या महाराष्ट्रातही झाला. संस्कृती, अश्लीलता, पोलीस, परवानगी असं सगळं बोलून झालं आणि चर्चा त्या मुलींच्या कपड्यांपाशी सुरू होऊन कपड्यांपाशीच संपली. हा शब्द मुळात शाळा-कॉलेजातला आहे, त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि अमेरिकेतल्या एका लहानशा गावात चार चिअरलीडर मुलींच्या निवडीवरून सुरू झालेल्या भांडणाने गावची सत्ता पालटली, हे त्या गडबडीत कुणी सांगायला गेलं नाही. आज ती गोष्ट सांगायची आहे.

माझी या गोष्टीशी ओळख झाली ती एका माहितीपटामुळे. १९९६ साली अमेरिकेतल्या पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘चिकानो!’ नावाची चार भागांची मालिका दाखवली गेली. मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन नागरिकांनी आपल्या हक्कांसाठी जी चळवळ केली, तिचा हा इतिहास. हेक्टर गालान हे टेक्सासचेच चित्रपटकार तिच्यामागे होते. या मालिकेत जमिनीच्या हक्काचा लढा आहे, शेतमजुरांचे संप आहेत, लॉस एंजेलिसमधल्या शाळकरी मुलांनी १९६८ मध्ये केलेला वर्गांवरचा बहिष्कार आहे. आणि चौथ्या भागात क्रिस्टल सिटी नावाचं गाव येतं. तिथली त्या वेळची पोरं आता प्रौढ होऊन कॅमेऱ्यासमोर बसली आहेत आणि शाळेतल्या चिअरलीडरच्या निवडीबद्दल बोलताहेत. जमीन, मजुरी, मतदान असल्या भारदस्त विषयांच्या पंक्तीत हे प्रकरण जरा पोरकट वाटण्याचा संभव आहे. मला मात्र ते त्या चारही भागांत सर्वांत वजनदार वाटलं.

पण आधी चिअरलीडर म्हणजे काय, ते पाहू. २ नोव्हेंबर १८९८. मिनेसोटा विद्यापीठाचा फुटबॉलचा संघ त्या मोसमात सारखा मार खात होता. सामन्याच्या वेळी जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी उठला, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडून एका सुरात आरोळी म्हणवून घेतली. मिनेसोटाने सामना जिंकला. आपल्याकडे मिरवणुकीत एकाने ‘गणपती बाप्पा’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी ‘मोरया’ म्हणायचं, त्यातला पहिला जो असतो ना, तो म्हणजे चिअरलीडर. पुढची पंचवीस वर्षं हे काम फक्त पुरुषांचं होतं आणि त्याला मान मोठा होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आयसेनहॉवर लष्करी अकादमीत असताना गुडघा दुखावल्यामुळे खेळातून बाहेर पडले आणि चिअरलीडर झाले. धाकटे बुशही शाळेत असताना चिअरलीडरच होते. मुलींना यात पहिल्यांदा जागा मिळाली ती १९२३ मध्ये, तीही मिनेसोटातच. दुसऱ्या महायुद्धात तरुण आघाडीवर गेले आणि मग हे काम हळूहळू मुलींचंच होऊन बसलं. १९४८ साली टेक्सासमध्ये लॉरेन्स हर्किमर नावाच्या गृहस्थाने चिअरलीडरांसाठी पहिलं शिबिर भरवलं, त्याला ५२ मुली आल्या आणि मुलगा एकच.

टेक्सास हे नाव इथे महत्त्वाचं. तिथल्या लहान गावांत शुक्रवारची रात्र ही माध्यमिक शाळेच्या फुटबॉलची रात्र असते. दुकानं लवकर बंद होतात, सारं गाव मैदानावर लोटतं. दिव्यांच्या झोतात संघ खेळतो आणि त्याच झोतात शाळेच्या रंगांचे कपडे घातलेल्या चार-सहा मुली गावाला ओरडायला लावतात. म्हणजे आठवड्यातून एकदा गाव स्वतःकडे बघतं आणि त्या वेळी गावाचा चेहरा या मुली असतात. आपल्याकडे स्नेहसंमेलनाला पाहुणे आले की गुच्छ द्यायला आणि स्वागतगीत म्हणायला कुठल्या मुलींना पुढे काढतात, आठवून पाहा. कुणाच्या घरच्या असतात, रंगाने कशा असतात, हेही आठवून पाहा. मग टेक्सासातल्या मुलींना काय लागलं असेल ते समजायला अडचण पडणार नाही.

आता क्रिस्टल सिटी. टेक्सासच्या दक्षिणेला, सॅन अँटोनिओच्या नैर्ऋत्येला झवाला नावाची कौंटी आहे, म्हणजे आपला जिल्हाच समजा. तिचं हे मुख्य ठिकाण. साठच्या दशकात वस्ती नऊ-दहा हजारांची. मेक्सिकोची सीमा तिथून फार दूर नाही. हा सगळा मुलूख १८३६ पर्यंत मेक्सिकोचाच होता, तेव्हा इथले मेक्सिकन वंशाचे लोक म्हणजे परवा-काल कुंपण ओलांडून आलेले, असं समजण्याचं कारण नाही. बहुसंख्य अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते. गोऱ्यांना तिथे ‘अँग्लो’ म्हणतात. जमिनी, दुकानं, बँक आणि शाळा मंडळ अँग्लोंच्या हातात, राबणं मेक्सिकनांकडे.

राबायचं कशात, तर पालकात. होय, पालकाची भाजी. हिवाळ्यात तिथे पालकाचं पीक इतकं येतं, की गावाने स्वतःला जगाची पालक-राजधानी म्हणवून घेतलं आणि १९३७ मध्ये कार्टूनमधल्या पॉपायचा, म्हणजे पालक खाऊन दंड फुगवणाऱ्या खलाशाचा, चक्क पुतळा उभारला. तो पुतळा आजही गावात आहे. दुसऱ्या महायुद्धात याच गावाबाहेर सरकारने एक छावणी उघडली आणि जपानी, जर्मन वंशाच्या माणसांना बायकामुलांसकट तिथे तारेच्या कुंपणात ठेवलं. ही छावणी १९४८ पर्यंत चालू होती. तिची जमीन नंतर गावच्या शाळांकडे आली. आपल्या गोष्टीशी त्याचा थेट संबंध नाही. पण या गावाला माणसांची विभागणी करण्याची सवय जुनी होती, एवढं त्यातून कळतं.

हिवाळा संपला की पालक संपायचा. मग गावातली मेक्सिकन कुटुंबं गाड्यांत सामान भरून उत्तरेला निघायची. विस्कॉन्सिन, मिनेसोटा अशा राज्यांत बीट खणायचं, भाज्या तोडायच्या आणि थंडीच्या तोंडावर परतायचं. आपल्याकडचे ऊसतोडणी कामगार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कुटुंबांतल्या पोरांच्या शाळेचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. वर्ग सुरू झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी यायचं आणि परीक्षेआधीच निघायचं. पुष्कळांची शाळा प्राथमिक इयत्तांतच सुटायची.

आणि शाळेत भाषा एकच, इंग्रजी. टेक्सासमध्ये १९१८ चा एक कायदा होता, त्याप्रमाणे शिक्षकाने इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत शिकवणं हा गुन्हा ठरत असे. तो कायदा १९६९ पर्यंत टिकला. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलताना सापडलेल्या मुलांना लाकडी पट्टीने मार बसायचा. मुलं घरी आईशी बोलत ती भाषा शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत यायची.

इथे १९६३ चा एक प्रसंग सांगितला पाहिजे. तेव्हा टेक्सासमध्ये मत द्यायचं तर आधी पावणेदोन डॉलर कर भरावा लागे. शेतमजुराला ही रक्कम जड. पण टीमस्टर्स ही कामगार संघटना आणि मेक्सिकनांची एक राजकीय संघटना यांनी मिळून घरोघरी फिरून लोकांना कर भरायला लावला. मेक्सिकन मतदार अँग्लो मतदारांच्या दुपटीच्या आसपास गेले आणि नगर परिषदेच्या पाचही जागा मेक्सिकन उमेदवारांनी जिंकल्या. हुआन कोर्नेहो हे कामगार कार्यकर्ते महापौर झाले. देशभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. टेक्सास रेंजर्स हे राज्याचं पोलीस दल गावात ठाण मांडून बसलं. पण निवडून आलेल्यांत कारभाराचा अनुभव कुणालाच नव्हता, आपसांत धुसफूस सुरू झाली, आणि दोनच वर्षांत, १९६५ मध्ये, सत्ता गेली. बाहेरच्या संघटनांनी आणलेला पूर होता. आला तसा ओसरला. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली पोरं मात्र हे सगळं बघत होती.

तीच पोरं १९६९ मध्ये माध्यमिक शाळेत होती. शाळेत शंभरातली पंच्याऐंशीच्या आसपास मुलं मेक्सिकन. शिक्षक जवळजवळ सगळे अँग्लो. चिअरलीडर मुलींची निवड शिक्षक करत आणि दरवर्षी निकाल ठरलेला: तीन अँग्लो, एक मेक्सिकन. कुठे लिहून ठेवलेला नियम नव्हता. लिहिलेला नियम निदान दाखवता तरी येतो, हा नुसताच पाळला जात होता.

१९६९ च्या वसंतात पथकातल्या दोन अँग्लो मुली शाळा संपवून बाहेर पडणार होत्या, म्हणजे दोन जागा रिकाम्या होत्या. डायना पलासियोस नावाची मेक्सिकन मुलगी निवडीला उभी राहिली. उड्या, आरोळ्या, सगळ्यांत ती कुणापेक्षा उणी नाही, असं मुलांचं मत होतं. पण मेक्सिकनांची ‘जागा’ भरलेली होती. एक मेक्सिकन मुलगी पथकात आधीच होती. दोन्ही जागी अँग्लो मुली घेतल्या गेल्या.

इथे थोडं थांबतो. पुष्कळ लिहिणाऱ्यांनी चिअरलीडरचं प्रकरण हे निव्वळ निमित्त होतं, खरी कारणं वेगळी होती, असं म्हटलं आहे. मला ते पटत नाही. गरिबी, भाषा, जमीन ही कारणं होतीच. पण ती रोजची होती, अंगवळणी पडली होती. मुलगा नापास झाला तर ‘तू अभ्यास केला नाहीस’ म्हणता येतं. नोकरी मिळाली नाही तर ‘तुला इंग्रजी येत नाही’ म्हणता येतं. चिअरलीडरच्या निवडीत असली पळवाट नव्हती. मुलगी सर्वांसमोर उडी मारून दाखवते, आरोळी देऊन दाखवते, सगळी शाळा ते पाहते, आणि तरी तिला सांगितलं जातं की तुमच्यातली एक झाली, आता पुरे. व्यवस्थेचं गणित इतकं उघडं, इतकं कमी आकड्यांत दुसरीकडे कुठेही दिसत नव्हतं. चार वजा तीन बरोबर एक. हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलालाही करता येतं.

आणि हे फक्त क्रिस्टल सिटीत घडत होतं असंही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टन गावच्या शाळेत चिअरलीडर म्हणून एकाही कृष्णवर्णीय मुलीची निवड झाली नाही. त्यावरून दंगल पेटली, संचारबंदी लागली आणि पंधरा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा गोळीला बळी पडला. काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा न्यायालयाच्या हुकमाने एक होत होत्या, बाकं एक होत होती. पण मैदानावर शाळेचं तोंड कोण होणार, हा प्रश्न कुठल्याही हुकमात नव्हता. म्हणून तो ठिकठिकाणी पेटत होता.

क्रिस्टल सिटीतली मुलं दगड घेऊन निघाली नाहीत, अर्ज घेऊन निघाली. पुढे होती सेव्हेरिता लारा, शाळेतलीच विद्यार्थिनी. सह्या गोळा केल्या, मुख्याध्यापकांकडे गेली, तिथे दाद लागली नाही तेव्हा शाळांच्या अधीक्षकांकडे गेली. अधीक्षकांनी तोडगा काढला: पथकात तीन अँग्लो, तीन मेक्सिकन. पंच्याऐंशी टक्क्यांना निम्म्या जागा. तरी मुलं खूश होती. जूनमध्ये, शाळेला सुट्टी लागल्यावर, शाळा मंडळाने हा तोडगाच रद्द करून टाकला.

त्याच उन्हाळ्यात होसे अँहेल गुतिएरेस हा तरुण गावात परतला. गावचाच मुलगा, तिथल्या मेक्सिकन डॉक्टरचा. शाळेत वक्तृत्वात हुशार. १९६७ मध्ये त्याने चार मित्रांबरोबर सॅन अँटोनिओत मेक्सिकन-अमेरिकन तरुणांची ‘मायो’ ही संघटना काढली होती. अल्पसंख्य अँग्लो बहुसंख्यांवर राज्य करतात तिथे मतपेटीतून सत्ता घ्यायची, हा त्याचा विचार पक्का होता आणि त्यासाठी त्याने आपलं गाव निवडलं होतं. मुलांना त्याने सल्ला दिला, आईबापांच्या बैठका घेतल्या. पण शाळेत पुढे राहिली ती मुलंच.

शरदात दुसरी ठिणगी पडली. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संमेलनाची राणी निवडायची होती. अट अशी होती की उमेदवार मुलीच्या आईवडिलांपैकी निदान एक जण या शाळेतून उत्तीर्ण झालेला हवा. आता बीट खणायला उत्तरेला जाणाऱ्या बापाने ही शाळा कधी पुरी करायची? अटीत वंशाचा शब्दही नव्हता आणि मेक्सिकन मुली जवळजवळ सगळ्या बाद. मराठी माणसाला इथे एक शब्दच्छल सुचल्याशिवाय राहत नाही. ज्यांच्या कष्टांनी पालक पिकायचा, त्यांनाच पालक म्हणून हिशेबात धरत नव्हते. असो.

सेव्हेरिताने पत्रकं छापून वाटली. त्याबद्दल तिला काही दिवस शाळेतून निलंबित केलं. परिणाम उलटाच झाला, जी घरं तोवर गप्प होती ती बोलू लागली. मागण्यांची यादी वाढत गेली. चिअरलीडर विद्यार्थ्यांच्या मतांनी निवडाव्यात, ही त्यात होतीच. शिवाय इंग्रजीबरोबर स्पॅनिशमधून शिक्षण, मेक्सिकन शिक्षक आणि समुपदेशक, मेक्सिकन लोकांचा इतिहास शिकवणं, मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला सुट्टी, शिक्षकांनी मुलांना अपमानास्पद नावांनी हाका न मारणं. ८ डिसेंबर १९६९ ला मुलं आणि पालक शाळा मंडळाच्या बैठकीला गेले. मंडळाने दाद दिली नाही. ९ डिसेंबरला सकाळी मुलं वर्गात गेलीच नाहीत.

पहिल्या दिवशी काहीशे मुलं बाहेर होती. मग धाकटे भाऊ-बहीण निघाले, आधी मधल्या शाळेतले, मग प्राथमिकमधले. नाताळच्या सुट्टीपर्यंत बहिष्कारावरच्या मुलांची संख्या हजारावर गेली. आईबाप मुलांच्या मिरवणुकीबरोबर चालू लागले. हे महत्त्वाचं. १९६३ मध्ये कामगार संघटनेच्या मागे मजूर गेला होता, आता मुलांच्या मागे घर गेलं. बायका आल्या. राजकारण म्हटलं की दार लावून घेणारी माणसं आपल्या मुलीला शाळेतून काढलं म्हटल्यावर दार उघडून बाहेर आली. आणि महिना डिसेंबरचा, पालकाच्या तोडणीचा. सगळी कुटुंबं गावात होती. हाच बहिष्कार जूनमध्ये झाला असता तर अर्धं गाव मिनेसोटात असतं.

मुलांचं एक बरीक हुशारीचं काम होतं. टेक्सासमध्ये शाळांना सरकारी पैसे मिळत ते रोजच्या सरासरी हजेरीवर. म्हणजे रिकामं बाक हे मंडळाला रोज पैशांत जाणवत होतं. एका दुकानात काम करणाऱ्या मुलांना बहिष्कारात गेल्याबद्दल कामावरून काढलं, तर मेक्सिकन गिऱ्हाइकांनी त्या दुकानाचीच पायरी सोडली. सुट्टीत मुलांचं नुकसान नको म्हणून टेक्सासच्या इतर गावांतून मेक्सिकन शिक्षक आले आणि त्यांनी फुकट वर्ग घेतले. अनेक मुलांनी आपल्याच वंशाचा शिक्षक फळ्यासमोर उभा असलेला तेव्हा पहिल्यांदा पाहिला असेल.

आणि तिघं विद्यार्थी, त्यांत सेव्हेरिता, विमानाने वॉशिंग्टनला गेले. सिनेटर राल्फ यारबरो यांना भेटले, शिक्षण आणि न्याय खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे आपलं म्हणणं मांडलं. ज्या मुलीला गावचे मुख्याध्यापक ऐकून घेत नव्हते, तिचं म्हणणं देशाच्या राजधानीत लिहून घेतलं जात होतं. न्याय खात्याने मध्यस्थ पाठवले. मंडळ आणि मुलं-पालक समोरासमोर बसले. जानेवारी १९७० च्या पहिल्या आठवड्यात मंडळाने बहुतेक मागण्या मान्य केल्या, बहिष्काराबद्दल कुणाला शिक्षा होणार नाही असं कबूल केलं आणि मुलं वर्गात परतली.

बऱ्याच चळवळी इथे संपतात. ही नाही संपली. मुलं परतल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १७ जानेवारीला, गावात सभा झाली आणि ‘ला रासा उनिदा’ हा नवा पक्ष स्थापन झाला. शब्दशः अर्थ ‘एकवटलेले लोक’. रिपब्लिकन नको आणि डेमोक्रॅटही नकोत, असं म्हणणारा मेक्सिकन-अमेरिकनांचा स्वतःचा पक्ष. तोवर मतदानाचा कर रद्द झालेला होता. पण मतदानाचं वय होतं २१. ते १८ वर आलं १९७१ मध्ये. म्हणजे ज्या मुलांनी हे सगळं उभं केलं, त्यांना मत नव्हतं. त्यांनी आईबापांची नावं नोंदवली, शेजाऱ्यांची नोंदवली, मतपत्रिका कशी असते ते घरोघरी समजावून सांगितलं. एप्रिल १९७० मध्ये निवडणूक झाली. शाळा मंडळाच्या तीन जागा लागल्या होत्या, तिन्ही नव्या पक्षाने जिंकल्या. आधीचा एक मेक्सिकन सदस्य त्यांना येऊन मिळाला आणि सात जणांच्या मंडळात बहुमत झालं. अध्यक्ष झाला गुतिएरेस, वय २५. नगर परिषदेतही नव्या पक्षाची माणसं आली.

चारच महिन्यांपूर्वी जे मंडळ मुलांना उभं करत नव्हतं, त्याच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आता त्या मुलांचे काका-मामा बसले होते. त्यांनी काय केलं? प्राथमिक वर्गांत स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्ही भाषा आणल्या. मेक्सिकन शिक्षक नेमले. मुलांना शाळेत न्याहारी सुरू केली. फुटबॉलच्या सामन्यात घोषणा दोन्ही भाषांत होऊ लागल्या, शाळेचं बँडपथक मेक्सिकन चाली वाजवू लागलं. शुक्रवारच्या रात्री गाव आता स्वतःकडे बघायचं तेव्हा गावात जेवढे लोक होते तेवढे सगळे दिसायचे.

अँग्लोंना ते बघवलं नाही, असं सरधोपट म्हणणं अन्याय होईल. काही राहिले, काहींनी जुळवून घेतलं. पण अनेकांनी मुलं शाळेतून काढून घेतली, अनेक अनुभवी शिक्षक सोडून गेले. पक्षाचा वारू काही काळ राज्यभर दौडला. १९७२ मध्ये पक्षाचा उमेदवार रॅम्झी मुनीस गव्हर्नरपदासाठी उभा राहिला, त्याला सहा टक्क्यांच्या आसपास मतं पडली. टेक्सासमध्ये ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. गुतिएरेस १९७४ मध्ये कौंटीचा प्रमुख म्हणून निवडून आला. पण नोकऱ्या कुणाच्या माणसांना द्यायच्या यावरून गावातच दोन तट पडले, भांडणं न्यायालयात गेली. १९७८ नंतर पक्ष राज्याच्या मतपत्रिकेवरूनही गेला. सत्ता मिळवताना जे एक होते ते सत्ता वाटताना एक राहिले नाहीत. आपल्याला हे काही परकं नाही.

आणि शाळा जिंकली तरी जमीन जिंकली नव्हती. पालकाची शेतं आणि भाजी डबाबंद करण्याचा कारखाना ज्यांचा होता त्यांचाच राहिला. वायू पुरवणाऱ्या कंपनीने दर वाढवले. ते देणं परवडत नाही म्हणून नगर परिषदेने नकार दिला, तेव्हा १९७७ मध्ये कंपनीने सगळ्या गावाचा गॅस तोडला. अमेरिकेतलं एक अख्खं गाव हिवाळ्यात लाकडं फोडून चुली पेटवत होतं. मतपेटी शाळेच्या दारापर्यंत पोचली होती, गॅसच्या नळापर्यंत ती पोचत नव्हती.

माहितीपटात हा उतार आहे, पण त्यावर कॅमेरा फार रेंगाळत नाही. तासाभराच्या भागात राज्यभरच्या पक्षाची कथा बसवायची तर ते साहजिक आहे. मला स्वतःला गव्हर्नरच्या निवडणुकीपेक्षा त्या शाळेत जास्त वेळ थांबायला आवडलं असतं. मुलांच्या मतांनी निवडलेलं पहिलं पथक मैदानावर आलं, ती रात्र कशी होती? बाकांवरून ओरडणाऱ्या आयांच्या तोंडी इंग्रजी आरोळ्या कशा बसल्या? इतिहासाच्या पुस्तकांत पक्षाची स्थापना तारीखवार मिळते, या गोष्टी मिळत नाहीत.

क्रिस्टल सिटीच्या शाळेचा संघ आजही ‘हावेलिना’ या नावाने खेळतो. हावेलिना म्हणजे त्या भागातलं रानडुकरासारखं काटक जनावर. बहुतेक खेळाडू आणि चिअरलीडर मेक्सिकन वंशाचे असतात आणि त्याची कुणी बातमी करत नाही. सेव्हेरिता लारा शिकून गावातच राहिली. ज्या शाळेने तिला निलंबित केलं होतं तिच्या मंडळावर ती पुढे निवडून आली, आणि नव्वदच्या दशकात क्रिस्टल सिटीची महापौर झाली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)